देहासह पुनरुत्थान : कॅथलिक पंथातील एका श्रद्धेचा इतिहास

ख्रिस्ती धर्मातील पुनरुत्थानाची कल्पना आपल्याकडे बहुधा दोन प्रकारांनी चुकीची समजली जाते. काहींना ती आपल्या आत्म्याच्या अमरत्वाचीच पाश्चात्त्य आवृत्ती वाटते. देह पडला, आत्मा उरला, तो ईश्वराकडे गेला. नाव निराळे, गोष्ट एकच. दुसऱ्या काहींची 'पुनरुत्थान' आणि 'पुनर्जन्म' या शब्दांच्या साम्यामुळे गफलत होते. वस्तुतः कॅथलिक श्रद्धा या दोहोंहून वेगळी आहे, आणि आमच्या मते दोहोंहून अवघडही आहे. ती म्हणते, माणूस म्हणजे नुसता आत्मा नव्हे. जो देह घेऊन तो जगला, कष्टला, आजारी पडला आणि मेला, त्या देहासह तो काळाच्या अंती उठवला जाईल. असे मानण्याला आधार काय? तर येशू ख्रिस्ताच्या बाबतीत ते एकदा घडून चुकले आहे.

श्रद्धा खरी की खोटी याचा निवाडा करण्यासाठी आम्ही येथे उभे नाही. आमचा प्रश्न इतिहासाचा आहे. आत्मा अमर आहे एवढे म्हणून थांबता येत असताना, आणि ग्रीक तत्त्वज्ञानाने ते उत्तर तयार करून हातात ठेवलेले असताना, चर्चने देहाचा हा लकडा आपल्यामागे का लावून घेतला? आणि तो लावून घेतल्यावर कोणकोणत्या पंचाइतींना तोंड दिले?

या श्रद्धेचे मूळ ख्रिस्ताच्या आधीचे, ज्यू लोकांच्या छळाच्या इतिहासात आहे. इसवी सनापूर्वी १६७ च्या सुमारास सीरियाचा ग्रीक राजा चौथा अँटायोकस याने यरुशलेमचे मंदिर भ्रष्ट केले आणि ज्यूंचे धर्माचरण बंद पाडण्याचा प्रयत्न केला. त्या काळाच्या आठवणी सांगणाऱ्या मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथात एक आई आणि तिचे सात मुलगे यांची कथा आहे. निषिद्ध मांस खाण्यास नकार दिल्याबद्दल राजा त्यांना एकामागून एक हाल करून मारतो. तिसऱ्या मुलाची पाळी येते तेव्हा तो आपली जीभ आणि हात आपण होऊन पुढे करतो. हे अवयव मला देवाने दिले आणि तोच मला ते परत देईल, असे त्याचे बोलणे आहे.

या कथेत पुनरुत्थानाची सारी गोम आहे. हा तत्त्वज्ञानातून निघालेला विचार नाही. तो न्यायाच्या मागणीतून निघालेला आहे. ज्याने धर्मासाठी हात गमावला त्याला त्याचा आत्मा सुरक्षित आहे असे सांगणे पुरेसे होत नाही, कारण अन्याय झाला तो त्याच्या हातावर. देवाला न्याय करायचा असेल तर हाताचा हिशेब चुकता झाला पाहिजे. ज्यू समाजातही हे सर्वांना पटले नव्हते. मंदिराचा कारभार पाहणारे सदूकी लोक पुनरुत्थान मानीत नसत, परूशी मानीत. येशूच्या काळी हा वाद चालूच होता. (जाता जाता सांगायचे तर मक्काबींचा हा ग्रंथ कॅथलिक बायबलात आहे, प्रॉटेस्टंटांनी तो प्रमाणग्रंथांतून वगळला.)

ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाविषयीचा सर्वांत जुना लेख शुभवर्तमानांत नाही. तो पौलाने करिंथ येथील मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात आहे. हे पत्र साधारण इ. स. ५४–५५ चे, म्हणजे घटनेनंतर वीस-पंचवीस वर्षांतले. पौल तेथे साक्षीदारांची यादीच देतो : केफा, म्हणजे पेत्र, मग बारा जण, मग एकाच वेळी पाचशेहून अधिक बंधू, ज्यांतले बहुतेक अजून हयात आहेत असे तो मुद्दाम नमूद करतो, मग याकोब, सर्व प्रेषित आणि अखेरीस आपण स्वतः. ज्याला शंका असेल त्याने विचारून यावे, असाच एकूण सूर आहे.

पण हे पत्र ज्या वादासाठी लिहिले तो ध्यानात घेतला पाहिजे. करिंथच्या लोकांची शंका ख्रिस्त उठला की नाही, ही नव्हती. मेलेली सामान्य माणसे उठतील हे त्यांना पटत नव्हते. ग्रीक संस्कारात वाढलेल्या माणसाला देह म्हणजे आत्म्याचे बंदीघर. त्यातून सुटका झाल्यावर पुन्हा त्यातच जायचे कशासाठी? अथेन्सच्या अरियपगावर पौल बोलत होता तेव्हा तेथील मंडळींनी त्याचे बाकीचे बोलणे ऐकून घेतले, पण मेलेल्यांच्या उठण्याचा विषय निघताच काहींनी थट्टा केली, असे प्रेषितांच्या कृत्यांत नमूद आहे. करिंथकरांना पौलाचे उत्तर असे की दोन्ही गोष्टी एकत्र उभ्या राहतात किंवा एकत्र पडतात. मेलेले उठतच नसतील तर ख्रिस्तही उठला नाही, आणि तो उठला नसेल तर आपला सारा खटाटोप फुकट. मग कोणत्या देहाने उठतील, या प्रश्नाला तो बियाचा दृष्टांत देतो. पेरतो ते बी आणि उगवते ते रोप एकच आहे आणि एक नाहीही. पुढच्या दोन हजार वर्षांतले बहुतेक वाद या 'आहे' आणि 'नाही' यांच्यामधल्या जागेत झाले.

चारही शुभवर्तमाने याविषयी बोलतात, परंतु प्रत्यक्ष उठण्याच्या क्षणाचे वर्णन एकातही नाही, ही गोष्ट वाचकाच्या लक्षात सहसा येत नाही. चित्रकारांनी पुढे कबरेतून झेंडा घेऊन बाहेर पडणारा ख्रिस्त रंगवला. ग्रंथात आहे ती रिकामी कबर आणि नंतरची दर्शने. मार्काच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या शतकातील सर्वांत महत्त्वाच्या दोन हस्तलिखितांत तर शेवट असा की स्त्रिया कबरेपासून भिऊन पळाल्या आणि कोणाला काही बोलल्या नाहीत. पुढचा मजकूर त्यांत नाही. पहिल्या साक्षीदार स्त्रिया आहेत, हेही त्या काळच्या मानाने विशेष म्हटले पाहिजे, कारण स्त्रीच्या साक्षीला तेव्हा फारसे वजन नव्हते. कथा रचूनच सांगायची तर कोणी अशा साक्षी निवडल्या नसत्या, असा युक्तिवाद श्रद्धाळू अभ्यासक करतात. तो निर्णायक नाही, पण टाकाऊही नाही.

या दर्शनांतला ख्रिस्त दिसतो कसा? मग्दालियाची मरिया त्याला प्रथम माळी समजते. दारे बंद असता तो आत येतो. लूक सांगतो की तो भाजलेला मासा खातो. आणि योहान सांगतो की थोमाला तो आपल्या जखमा दाखवतो. म्हणजे हे भूत नव्हे. आणि जुनाच देह जसाच्या तसा चालू झाला आहे, असेही नव्हे. लाजरस उठला, पण तो पुढे पुन्हा मरणारच होता. ख्रिस्त पुन्हा मरत नाही. कॅथलिक धर्मशास्त्राचा सारा भर या भेदावर आहे. त्यातही आम्हाला जखमांचा तपशील सर्वांत अर्थपूर्ण वाटतो. नवा देह मिळाला, पण खिळ्यांच्या खुणा गेल्या नाहीत. जे भोगले ते पुसून टाकून सुख मिळत नाही. ते भोगणेच बरोबर नेले जाते. मायावाद ज्यांच्या कानांवरून गेला आहे अशा आपल्या श्रोत्यांना हा फरक विशेष जाणवेल.

रोमन सत्ताधीशांनाही या श्रद्धेचे मर्म कळले होते. इ. स. १७७ मध्ये गॉल देशातील लियाँ येथे ख्रिस्ती लोकांचा भयंकर छळ झाला. त्याचा वृत्तान्त तेथील मंडळीने लिहिलेल्या पत्रात आहे आणि तो इतिहासकार युसेबियसने जपून ठेवला आहे. मारलेल्यांची प्रेते सहा दिवस उघड्यावर ठेवली, मग जाळली, आणि राख रोन नदीत लोटून दिली. हेतू असा की या लोकांना पुन्हा उठण्याची आशाच राहू नये. यावर चर्चचे उत्तर होते की ज्याने शून्यातून सृष्टी केली त्याला राख गोळा करणे जड नाही. मिनुसियस फेलिक्स या लेखकाने तर स्पष्टच सांगितले आहे की दहनाने काही बिघडते म्हणून आम्ही प्रेते पुरतो असे नाही. ती जुनी आणि बरी चाल आहे म्हणून पुरतो. ऑगस्टिनची आई मोनिका इ. स. ३८७ मध्ये ऑस्तिया बंदरात वारली. आफ्रिकेत नवऱ्याशेजारी आपली कबर असावी म्हणून तिने पूर्वी बरीच काळजी वाहिली होती. अखेरच्या दिवसांत मात्र तिने मुलांना सांगितले की देह कोठेही पुरा, देवाला कोणतीच जागा लांब नाही.

तरी पंचाईत सुटली नव्हती. विरोधकांनी एक बिनतोड वाटणारा प्रश्न काढला होता. एका माणसाने दुसऱ्याला खाल्ले, आणि त्या मांसाचे पहिल्याच्या अंगी मांस झाले. आता शेवटच्या दिवशी ते मांस कोणाचे? हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा वाटतो, पण चर्चच्या थोर पंडितांनी तो नेला नाही. ऑगस्टिनने 'देवाचे नगर' या ग्रंथाच्या बाविसाव्या, म्हणजे शेवटच्या भागात त्याचे उत्तर दिले : मांस ज्याचे आधी होते त्याला ते परत मिळेल, दुसऱ्याला ते उसने होते. याच भागात तो कापलेल्या केसांचे आणि नखांचे काय होणार, बालपणी मेलेल्यांचे वय किती असणार, हेही चर्चितो. स्त्रिया पुरुष होऊन उठतील असे म्हणणारे काही होते. ऑगस्टिन त्यांना नाकारतो. स्त्रीत्व हा दोष नव्हे, ती निसर्गाची योजना आहे, तेव्हा स्त्री स्त्री म्हणूनच उठेल. त्याच्या आधी अलेक्झांड्रियाच्या ऑरिजेनने अधिक सूक्ष्म विचार मांडला होता. देहातले द्रव्य नदीच्या पाण्यासारखे सतत बदलते, टिकते ती आकृती. तेव्हा द्रव्याचा हिशेब कशाला करायचा? आजच्या वाचकाला ऑरिजेनच जवळचा वाटेल. पण सहाव्या शतकात त्याच्या मतांचा धिक्कार झाला आणि पश्चिमेकडे ऑगस्टिनची ठोस वाट रूढ झाली.

मध्ययुगात हा प्रश्न पुन्हा पेटला तो दक्षिण फ्रान्समधील कॅथर पंथामुळे. त्यांच्या मते जडसृष्टी ही दुष्ट शक्तीची करणी. देहातून सुटणे हीच मुक्ती. इ. स. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने त्याविरुद्ध ठरवून सांगितले की सर्व माणसे आज ज्या देहांनी वावरतात त्याच स्वतःच्या देहांनी उठतील. याच शतकात थॉमस अक्वायनसने या मताला तात्त्विक पाया दिला. ॲरिस्टॉटलला अनुसरून तो म्हणतो की आत्मा देहात राहणारा भाडेकरू नव्हे. तो देहाचे रूप आहे. म्हणून आत्मा तरला एवढ्याने माणूस तरला असे होत नाही, कारण आत्मा म्हणजे संपूर्ण माणूस नव्हे. प्लेटोच्या शिकवणीत मुरलेल्या युरोपात हे विधान धाडसाचेच होते. त्याचा महाग्रंथ मात्र १२७४ मध्ये त्याच्या मृत्यूने अपुरा राहिला आणि त्यातला पुनरुत्थानाचा भाग शिष्यांनी त्याच्या आधीच्या लेखनावरून जुळवला.

श्रद्धेचा परिणाम व्यवहारावर कसा होतो, याचेही एक उदाहरण त्याच काळातले आहे. दूरदेशी मेलेल्या सरदाराचे प्रेत तोडून, उकळून, नुसती हाडे घरी आणण्याची चाल तेव्हा पडली होती. आठव्या बॉनिफेस पोपने १२९९ मध्ये ती निषिद्ध केली.

पुढे तीस-पस्तीस वर्षांनी तर खुद्द पोपच अडचणीत आले. बाविसावे जॉन हे नव्वदीच्या घरातले वृद्ध पोप आव्हिन्यों येथे राहत. इ. स. १३३१ च्या सर्व संतांच्या सणापासून त्यांनी काही प्रवचने दिली. त्यांत त्यांनी असे मत मांडले की पुण्यवानांच्या आत्म्यांनाही अंतिम न्यायाच्या दिवसापर्यंत, म्हणजे देह परत मिळेपर्यंत, ईश्वराचे साक्षात दर्शन होत नाही. युरोपभर खळबळ उडाली. संतांना आपण प्रार्थना करतो ते ईश्वरासमोर नाहीतच की काय? फ्रान्सच्या राजाने पॅरिसच्या पंडितांचे मत मागवले. ते पोपविरुद्ध गेले. आपण हे केवळ खाजगी मत मांडले, असे पोप म्हणत राहिले आणि डिसेंबर १३३४ मध्ये मृत्युशय्येवर त्यांनी ते मागे घेतले. त्यांच्यामागून आलेल्या बाराव्या बेनेडिक्टने जानेवारी १३३६ मध्ये निर्णय दिला : शुद्ध झालेल्या आत्म्याला मरणानंतर लगेच ईश्वरदर्शन होते, आणि शेवटच्या दिवशी सर्व जण आपापल्या देहांसह न्यायासनासमोर उभे राहतील.

निर्णय झाला, पण ताण गेला नाही. आत्म्याला ईश्वर दिसतोच आहे तर देह हवा कशाला? वृद्ध पोपांचे मत चुकीचे ठरले, तरी त्यांना जाणवलेली अडचण खरी होती असे आम्हाला वाटते. पुढील कित्येक शतके सामान्य कॅथलिक माणसाच्या मनात स्वर्ग म्हणजे आत्म्यांचा लोक असेच चित्र राहिले, आणि देहाचे उठणे हे श्रद्धासूत्रातले एक वाक्य होऊन बसले. विसाव्या शतकात पंडितांनी ते पुन्हा वर काढले. दुर्वेल या फ्रेंच धर्मशास्त्रज्ञाचा १९५० मधील ग्रंथ येथे महत्त्वाचा आहे. तोवरच्या पाठ्यग्रंथांत तारणाचा विचार क्रूसाशी संपे, आणि पुनरुत्थान हे ख्रिस्ताच्या देवत्वाचा पुरावा म्हणून वेगळ्या प्रकरणात येई. दुर्वेलने पौलाकडे बोट दाखवून म्हटले की क्रूस आणि पुनरुत्थान ही एकच तारणक्रिया आहे. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला बाराव्या पायसने मरियेच्या सदेह स्वर्गारोहणाचा सिद्धान्त घोषित केला. म्हणजे जे सर्वांच्या वाट्याला शेवटी येणार ते तिच्या बाबतीत आधीच झाले. पुढच्याच वर्षी ईस्टरच्या आदल्या रात्रीचा विधी पुन्हा रात्री करण्याची मुभा मिळाली. तोवर कित्येक शतके तो शनिवारी सकाळी, भर उजेडात, उरकला जात असे! अंधारातून नव्या अग्नीने मेणबत्ती पेटवण्याच्या विधीचा अर्थ सकाळच्या उन्हात काय राहणार?

ईस्टरचा विषय निघालाच आहे तर कालगणनेची एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरपर्यंत येऊन पोचली आहे. वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेनंतर येणारा रविवार हा ईस्टर, म्हणून तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्यामध्ये कधीही पडतो. सूर्य, चंद्र आणि वार या तिघांचा मेळ घालायचा. आपल्या पंचांगकर्त्यांना ही कटकट परिचयाची आहे. जुन्या ज्युलियन गणनेतील चुकीमुळे सोळाव्या शतकापर्यंत संपात ११ मार्चपर्यंत मागे सरकला होता आणि ईस्टर भलत्याच वेळी येऊ लागला होता. तो जागेवर आणण्यासाठीच तेराव्या ग्रेगरीने १५८२ मध्ये दहा दिवस गाळले; ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी १५ ऑक्टोबर उजाडला. आज जगाचा व्यवहार ज्या तारखांवर चालतो त्यांच्यामागे या एका सणाची चिंता आहे. पौर्वात्य चर्चे अजून बहुतांशी जुन्या गणनेने ईस्टर पाळतात. २०२५ मध्ये दोन्हींचा ईस्टर २० एप्रिललाच आला.

आपल्या भूमीशीही या श्रद्धेचा संबंध आहे. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यास आला आणि त्याने मराठीत ओवीबद्ध ख्रिस्तपुराण रचले. रायतूर येथे १६१६ मध्ये ते रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाच्या दुसऱ्या पुराणात ख्रिस्तचरित्र आहे. मृत्यूवर मिळवलेल्या या जयाची कथा आपल्या पुराणांच्या बोलीत ऐकणारे पहिले श्रोते गोव्यातले. जुन्या गोव्याच्या बॉम जेझूस बॅसिलिकेत फ्रान्सिस झेवियरचा देह आहे. १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळ तो वारला आणि १५५४ मध्ये त्याचा देह गोव्यास आणला गेला. १६१४ मध्ये उजवा बाहू कापून रोमला पाठवला. नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात त्याच्या देहाचे दर्शन पुन्हा खुले झाले होते. हा देह पाहणारे बहुतेक जण तो किती टिकला याचीच चर्चा करतात. कॅथलिक शिकवणीत मात्र महत्त्व टिकण्याला नाही. हा देह पवित्र आत्म्याचे मंदिर होता आणि तो उठवला जाणार आहे, म्हणून त्याचा मान. हाडे झाली असती तरी मान तोच राहिला असता.

राहिला दहनाचा प्रश्न, जो आपल्याला सर्वांत जवळचा. युरोपात ख्रिस्ती धर्म पसरला तशी प्रेते जाळण्याची चाल मागे पडली. शार्लमेनने तर आठव्या शतकात सॅक्सन लोकांना दहनाबद्दल देहान्ताची शिक्षा ठरवली. एकोणिसाव्या शतकात इटलीत दहनाची चळवळ सुरू झाली आणि १८७६ मध्ये मिलान येथे दहनगृह उघडले. आरोग्याचे कारण पुढे होते, पण चळवळीतल्या अनेकांना चर्चला खिजवायचेही होते. मरणानंतर काही नाही हे आगीने सिद्ध करायचे, असा त्यांचा रोख. रोमने १८८६ मध्ये कॅथलिकांना दहनाची मनाई केली. ही मनाई देवाच्या सामर्थ्याविषयीच्या शंकेतून नव्हे, तर त्या कृत्यामागच्या घोषणेसाठी होती. घोषणा ओसरली तशी मनाईही गेली. जुलै १९६३ च्या आदेशाने, श्रद्धेचा इन्कार हा हेतू नसेल तर, दहनास मुभा मिळाली, आणि १९८३ च्या धर्मविधिसंहितेत ती कायम झाली; दफन अधिक बरे, हा आग्रह मात्र ठेवला.

मुभा मिळाली आणि नवाच प्रश्न उभा राहिला : राखेचे काय करायचे? आपण अस्थी नदीत सोडतो, त्यात मृताविषयी अनादर मानत नाही; देह पंचमहाभूतांचा, तो त्यांना परत केला. कॅथलिक दृष्टीला नेमका हाच अर्थ मान्य नाही. देह कोणाकडून उसना घेतलेला नाही, तो त्या माणसाचाच आहे आणि त्याचाच राहणार आहे. म्हणून २०१६ च्या रोमच्या आदेशाने राख विखुरणे, पाण्यात सोडणे, वाटून घेणे, दागिन्यात घालणे या सर्वांस मनाई केली. ती पवित्र स्थळी, नावासह ठेवावी. युरोपातील शहरांत जागेची आणि पैशाची अडचण वाढल्यावर बोलोन्याच्या मुख्य धर्माध्यक्षांनी याविषयी विचारणा केली. डिसेंबर २०२३ मध्ये त्यांना उत्तर मिळाले. अनेकांची राख एकाच सामायिक स्थळी ठेवण्यास आता हरकत नाही, पण तेथे प्रत्येकाचे नाव लिहिलेले असले पाहिजे.